दुर्बीण की बोटभर चीर

धाकट्याच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र आले तेव्हा हिची जखम अजून भरत होती, त्यामुळे सुरुवातीला तेवढे कारण पुरले. मग टाके निघाले, ही जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागली, तरी मी लिहिले नाही. पत्र लहानच होते. वहिनीची चौकशी, खाण्यापिण्याबद्दल दोन सूचना, आणि शेवटी सुटी अशी एक ओळ: ‘दादा, माझ्या हातावर तुझा विश्वास नव्हता का?’

हो किंवा नाही, एवढेच त्याला हवे होते. पण एका शब्दात उत्तर देणे मला कधी जमलेले नाही. कोणी वेळ विचारली तरी माझे घड्याळ थोडे पुढे असण्याची शक्यता मी आधी सांगतो.

धाकटा सर्जन आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. लहानपणी डॉक्टर मी व्हायचे ठरले होते, कारण सतत वाचत बसणारा मुलगा मी होतो. गुण मात्र त्याला पडले. घरात कोणी कधी तसे बोलून दाखवले नाही, हे मुद्दाम लिहितो. तो डोंगरापलीकडच्या लहान गावात दवाखाना काढून बसला, आणि मी डॉक्टरांना पुस्तके काढून देत राहिलो. देण्याआधी वाचत राहिलो, कारण दुसरे काय करणार. लोक काउंटरवर येत, वर्ष आणि अंक सांगत, पुस्तक घेऊन जात. आत काय आहे हे मला कोणी विचारले नाही. विचारावे तरी का?

अपेंडिक्स तर मला पाठ होता. दुर्बिणीतून काढावा की पोट उघडून, यावर माझ्या नोकरीत इतके छापून आले की एक अख्खे कपाट त्यानेच अडले. दुर्बिणीने केले तर तीन लहान भोके, दुखणे कमी, जखम चिघळण्याचा धोका कमी, माणूस लवकर घरी. उघडून केले तर बोटभर तिरकी चीर, काम झटपट, महागडे यंत्र नको. आणि अपेंडिक्स आधीच फुटलेला असला तर पोटात आत पू साठण्याच्या बाबतीत हीच पद्धत थोडी बरी, असेही काहींचे म्हणणे. तरुण डॉक्टर या विषयावर हमरीतुमरीवर यायचे. मी काउंटरमागे उभा राहून मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडायचो. तोंडाने म्हणायचो, “जरा हळू बोला, लोक वाचतायत.”

आम्ही दोघे धाकट्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो. त्याची बायको गेल्यापासून आम्ही अधूनमधून जातो. घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. सकाळी हिच्या बेंबीपाशी दुखू लागले, उलटी झाली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दुखणे उजवीकडे खाली सरकले. धाकट्याने तिला खालच्या तपासणीच्या खोलीत नेले. खोलीत त्याची जुनी सिस्टर होती, आणि दाराशी भूल देणारे डॉक्टर टोपी हातात घेऊन उभे होते. सकाळी हर्नियाचे एक ऑपरेशन झाले होते म्हणून ते अजून तिथेच होते, निघायच्या बेतात.

धाकट्याने हिच्या पोटावर हात ठेवला, हळूच दाबले आणि एकदम सोडले. ही कळवळली.

“दाबताना की सोडताना?”

“सोडताना.”

“मग तोच,” धाकटा म्हणाला. “वहिनी, माझ्या स्वयंपाकाला इतकी वर्षं नावं ठेवलीत, आता दोन दिवस नुसतं सलाईन घ्या म्हणजे किंमत कळेल.” मग डॉक्टरांकडे वळून, “साहेब, टोपी ठेवा परत डोक्यावर. तासाभरात उरकू. बोटभर चीर, बस.”

“करून टाका बाई, भाऊजी,” ही म्हणाली. “मला काही विचारू नका.”

तेव्हा मी बोललो. मी असा चारचौघांत बोलत नाही. लग्नात सत्काराला उत्तर द्यायची वेळ आली तर मला घाम फुटतो. पण तिथे माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला.

“तुझ्याकडे दुर्बीण नाही ना?”

“नाही.”

“मग इथं नको. आजकाल उघडून कोणी करत नाही.”

सिस्टरने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. भूलवाले डॉक्टर आपल्या बुटांकडे पाहू लागले. धाकटा म्हणाला, “दादा, शहर लांब आहे. पूल दुरुस्तीला काढलाय, एकाच बाजूनं गाड्या सोडतात.”

मी थांबायला हवे होते. त्याऐवजी मी सांगत सुटलो. दुखणे किती कमी, चिघळणे किती कमी, माणूस किती लवकर उभा राहतो. हिचे वय, हिची साखर, वयस्कर माणसांबद्दल कोणत्या अभ्यासात काय दिसले. वर्षही सांगितले. धाकटा ऐकत होता. त्याचा हात अजून हिच्या पोटावर होता, तो त्याने उचलला.

“तू वाचलंयस,” तो म्हणाला. “मी नुसते काढलेत.”

मग त्याने सिस्टरला रुग्णवाहिका बोलवायला सांगितले, स्वतः हिच्या हाताला सुई लावली, सलाईन चढवले, त्यात एक इंजेक्शन सोडले. त्याचे हात जसे नेहमी चालतात तसेच चालत होते. गाडीचे दार लावताना म्हणाला, “वहिनी, पाय पोटाशी घेऊन पडा. दादा, पोचलास की फोन कर.”

पुलावर गाड्यांची रांग होती. समोरून ट्रक सुटत होते, आणि आमच्या बाजूचा लाल झेंडा काही खाली होत नव्हता. प्रत्येक खड्ड्याला ही दात आवळत होती. मग एकदम तिचा चेहरा सैल पडला.

“अहो, थांबलं,” ती म्हणाली. “आता नाही दुखत फारसं.”

अपेंडिक्स फुटला की काही वेळ कळ थांबते. हे मी कितीतरी पुस्तकांत वाचले आहे. एका पुस्तकात तर कोणीतरी ते वाक्य पेनने अधोरेखित केले होते, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघा मारल्याबद्दल मला त्या माणसाचा राग आला होता. त्या गाडीत मला यातले काही आठवले नाही. मी हिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणालो, “बघ. निघालो ते बरं झालं की नाही?”

शहरातल्या सर्जन तरुण बाई होत्या, कामाला चोख. त्यांनी दुर्बिणीने सुरुवात केली. पोटात तीन भोके पाडून कॅमेरा आत गेला तर सगळीकडे पू, आतडी एकमेकांना चिकटलेली. मग दुर्बीण बाहेर काढून त्यांनी पोट उघडले, बेंबीपासून खाली वीतभर. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “वाचल्या. आधी कुणी इंजेक्शन दिलं होतं?”

“माझ्या भावानं. तो सर्जन आहे.”

“चांगलं केलं. ते नसतं तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते.” मग सहज विचारावे तसे विचारले, “तुमचे भाऊ सर्जन आहेत तर त्यांनी तिथंच का नाही काढला?”

“त्याच्याकडे दुर्बीण नाही,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “अहो, न फुटलेला अपेंडिक्स तर काढायचा होता, त्याला दुर्बीण कशाला?” त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस मी खाटेशेजारी बसून होतो. माझ्या डोक्यातले ते कपाट मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. सगळ्या अभ्यासांत रोगी आधीच दोन्ही सोयी असलेल्या दवाखान्यात होता. एका दाराने गेला तर दुर्बीण, दुसऱ्या दाराने गेला तर चीर. दोन दारांच्या मध्ये डोंगर, खड्डे आणि लाल झेंडा असलेली तुलना कोणी केली नव्हती, आणि मी ती करायला हवी होती. तिथे मी एकटाच होतो ज्याला दोन्ही बाजू पाठ होत्या. मी त्यातली एकच म्हणून दाखवली.

हिला बोलता येऊ लागले तेव्हा तिने पट्टी बदलताना पोट पाहिले आणि म्हणाली, “तीन भोकं आणि वर ही लांबलचक. दोन्ही ऑपरेशनं एकाच तिकिटात केलीत हो माझी.” तिथली सिस्टर हसली. मीही हसलो असेन.

पत्र आले ते यानंतर.

“भाऊजींना लिहिलं का?” ही विचारायची.

“लिहितोय.”

“काय लिहिताय एवढं? ग्रंथ?”

मग ती विचारायची थांबली. ते विचारण्यापेक्षा वाईट होते.

पत्र टेबलावरून खणात गेले असते आणि तिथेच राहिले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण पुतण्याचा फोन आला. धाकट्याचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, औषधांच्या कंपनीत. तो सहसा मला फोन करत नाही. आम्हा दोघांनाही फोनवर काय बोलावे ते सुचत नाही.

“काका, तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं,” तो म्हणाला. “बाबांनी ऑपरेशनं बंद केलीत.”

“म्हणजे? दवाखाना?”

“दवाखाना चालू आहे. सर्दीताप, पट्ट्या, सगळं. पण पोट उघडायचं म्हटलं की गाडी बोलावतात. भूलवाले डॉक्टर रिकामे येऊन परत जातात. सिस्टर म्हणाल्या, विचारलं की म्हणतात, आजकाल उघडून कोणी करत नाही.”

माझेच वाक्य. शब्दही बदलला नव्हता.

“तो गमतीनं म्हणत असेल,” मी म्हणालो.

“नाही हो. मागं बेकरीवाल्याला अपेंडिक्स झाला. बाबांनी तपासलं, सांगितलं तोच आहे, आणि पाठवून दिलं खाली शहरात. पुलावर अडकले ते लोक. फुटला. वाचला म्हणा तो, पण आतड्याचा तुकडा गेला. अजून पोटात नळी आहे.” मग तो म्हणाला, “बाबा त्याला भेटायला गेले होते शहरात. परत आल्यापासून बोलतच नाहीत फारसं. तुम्ही जरा फोन करा ना, काका. तुमचं ऐकतात ते.”

तुमचं ऐकतात ते. खरे होते. त्याच्या इतक्या वर्षांच्या कामापुढे माझे एक वाक्य त्याने ऐकले होते.

फोन मी केला नाही. फोनवर तो म्हणाला असता, “जाऊ दे रे दादा,” आणि मी लगेच जाऊ दिले असते. म्हणून कागद घेतला.

पहिले पत्र लिहिले त्यात चार संदर्भ होते. ते मीच फाडले. दुसऱ्यात मी लिहिले की सर्जनने घरच्या माणसावर चाकू चालवू नये असा संकेत आहे, हात थरथरण्याचा संभव असतो, वहिनी म्हणजे आईसारखी, तुला त्या पेचात टाकू नये असे मला वाटले. तुझ्या हातावर अविश्वास असण्याचा प्रश्नच नाही. हे पत्र सुरेख उतरले. अक्षरही बरे आले. मी ते हिच्यापुढे ठेवले. ती खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

“छान आहे,” ती म्हणाली. “खोटं आहे, पण छान आहे.”

“खोटं कसं? असा संकेत आहे.”

“असेल. तुमच्या मनात होता का तेव्हा?”

मी पेनाला टोपण लावले.

“बरं, मग भाऊजींना काय कळेल यातून?” ती म्हणाली. “घरच्या माणसाला कापू नये. ठीक. आणि बेकरीवाला कोण लागतो त्यांचा? त्याला का नाही कापला? ते बसतील तसेच.”

“मग काय लिहू? माझा विश्वास नव्हता म्हणून?”

“नव्हता का?”

“होता,” मी म्हणालो. “त्याच्या हाताबद्दल मला कधीच... तसं काही नव्हतं. मी हाताचा विचारच केला नाही.”

ती घडी घालायची थांबली. माझा सदरा तिच्या मांडीवर होता.

“एक सांगू का? रागावू नका.”

“तुझ्यावर रागवायला तोंड कुठं आहे मला.”

“मी त्या टेबलावर पडले होते ना, तिथून तुमचा चेहरा समोर दिसत होता. कळ येत होती, जीव जातोय की राहतोय अशी, आणि मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही खुशीत होतात हो.”

“काहीतरीच काय.”

“काहीतरीच नाही. पाठ केलेला प्रश्न पेपरात आला की पोराचा चेहरा होतो ना, तसा. ते डॉक्टर ऐकत होते, सिस्टर ऐकत होत्या, भाऊजी ऐकत होते. लग्न झाल्यापासून तुम्हाला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं, बोलू दे बिचाऱ्याला. म्हणून मी पण गप्प बसले. नाहीतर पोट माझं होतं, मी म्हणू शकले असते की भाऊजी, काढा तुम्ही.” तिने सदऱ्याची बाही सरळ केली. “तेव्हा पाव हिस्सा चूक माझी लिहा. बाकीची तुमची.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. ओट्याशी उभा राहून, हे खरे नाही असे म्हणायला मला एखादे वाक्य सापडते का ते पाहत होतो. तिने ते मुळीच लागेल असे म्हटले नव्हते. तीच तर अडचण होती.

मी परत येऊन टेबलाशी बसलो आणि लिहिले. ते पत्र पूर्ण देत नाही, पण मुख्य मजकूर असा होता:

‘तुझ्या हातावर माझा विश्वास होता आणि आहे. त्या दुपारी मी तुझ्या हाताचा विचार केला नाही, हिच्या पोटाचाही केला नाही. आयुष्यभर मी डॉक्टरांना पुस्तके दिली आणि मला कोणी काही विचारले नाही. त्या खोलीत पहिल्यांदा असा प्रश्न आला ज्याचे उत्तर मला येत होते, आणि तुझ्या माणसांसमोर, तुझ्यासमोर, ते म्हणून दाखवायचा मोह मला आवरला नाही. तू सर्जन झालास आणि मी झालो नाही, याचे मला काही वाटत नाही असे मी समजत होतो. वाटत असावे.

‘“आजकाल उघडून कोणी करत नाही,” हे वाक्य पुस्तकातले नाही. माझे आहे, आणि चूक आहे. पुस्तकांत एवढेच आहे की दोन्ही गोष्टी हाताशी असतील तर दुर्बीण बऱ्याचदा बरी. तुझ्या गावात दोन्ही हाताशी नाहीत. तिथे एका बाजूला तुझी बोटभर चीर आहे आणि दुसऱ्या बाजूला तो पूल. हे मला कळायला हवे होते, तुला ते न वाचता कळले होते.

‘आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. शहरातल्या सर्जनबाई म्हणाल्या की ही जगली ती तू दिलेल्या इंजेक्शनमुळे. तू तिथेच काढला असतास तर तो न फुटलेला निघाला असता, हेही त्यांच्या बोलण्यात होते. त्याच दिवशी तुला फोन करून मी म्हणालो होतो, “सगळं नीट झालं.” एवढेच सांगितले, कारण बाकीचे सांगितले असते तर मग मी काय उरलो असतो?

‘बेकरीवाल्याचे कळले. त्यातला माझा वाटा मला माहीत आहे. तुझा वाटा किती हे मी ठरवणार नाही, मी पुष्कळ ठरवले. पुढचा माणूस पोट धरून येईल तेव्हा माझे ऐकू नकोस. भूलवाल्या डॉक्टरांना थांबवून घे. मला क्षमा कर असे लिहिणार होतो, पण तू ती लगेच करशील आणि पुन्हा गाडीच बोलावशील, म्हणून लिहीत नाही.’

हिने ते वाचले. दोनदा वाचले; संपल्यावर तिने पहिले पान पुन्हा वर घेतले.

“पाव हिस्सा नाही लिहिलात माझा.”

“तो तू तोंडी सांग.”

“सांगेन,” ती म्हणाली. “चला, मी येते. एकटे गेलात तर अर्ध्या वाटेवर एखादा शब्द बदलायला परत याल.”

पोस्टात आमच्यापुढे एक बाई होत्या, त्या पार्सलला दोरी बांधून देण्यासाठी कारकुनाला विनवत होत्या. मी पाकीट दोन्ही हातांत धरून उभा होतो. ‘वाटत असावे’ याऐवजी ‘वाटते’ असे लिहायला हवे होते, असे मला तेव्हा तीव्रतेने वाटले. पाकिटाचा गोंद अजून ओला होता, उघडता आले असते.

“काय झालं?” ही म्हणाली.

“एक शब्द.”

“सोपा आहे की अवघड?”

“अवघड असायला हवा होता. मी सोपा घातला.”

“मग पुढच्या पत्रात घाला.”

बाई गेल्या. कारकुनाने जाळीखालून हात पुढे केला. “साधं की रजिस्टर?”

“लवकर काय पोचतं?” मी विचारले.

“साधं. रजिस्टरला सही घेणारा माणूस घरी लागतो.”

“तो घरीच असतो सध्या,” मी म्हणालो. मग म्हणालो, “साधंच पाठवा.”

त्याने पाकीट माझ्या हातातून घेतले, शिक्का मारला आणि न पाहता मागच्या पोत्यात टाकले.